इतिहासाचा पहिला तास



जून महिन्यात शाळा उघडतात, नवी पुस्तके हाती येतात आणि इतिहासाच्या पहिल्या तासाला बहुतेक वर्गांत पहिल्या पाठाचे वाचन सुरू होते. पाठ संपतो, प्रश्नोत्तरे लिहिली जातात. परंतु ही हकीकत खरी कशावरून, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, हा ग्रह येथेच दृढ होतो. वर्षाचा आरंभ पुराव्याच्या ओळखीने झाला, तर तो टाळता येईल. त्यासाठी वेगळा खर्च नको. साधने गावातच आहेत.

पहिले साधन म्हणजे घरातील वडीलधारी माणसे. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना जन्मसाल विचारून यावे. उत्तर नेहमीच सनात मिळेल असे नाही. कोयनेच्या परिसरातील एखादी आजी 'भूकंपाच्या आधी दोन वर्षे' असे सांगेल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. त्यावरून विद्यार्थी १९६५ हे साल काढतील. दुष्काळी भागात १९७२ चा दुष्काळ, लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप अशाच खुणेचे काम करतो.

यानंतर शाळेचे जनरल रजिस्टर वर्गात आणावे. जुन्या पानांवर १ जून ही जन्मतारीख पुनःपुन्हा आढळते. इतकी मुले एकाच दिवशी कशी जन्मली, असे विचारताच वर्ग जागा होतो. जन्माची नोंद नसे, म्हणून शाळाप्रवेशाचे वय जुळेल अशी तारीख गुरुजी लिहीत, हे उलगडते. लिहिलेले सारेच खरे नसते, आठवणीतलेही सारेच अचूक नसते; दोन्ही पडताळून पाहावे लागते. इतिहासाच्या अभ्यासाची ही पहिली पायरी होय.

दुसरे साधन नाणे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होत. दशमान पद्धतीच्या आरंभीच्या नाण्यांवर 'नये पैसे' असे शब्द आहेत. इतक्या जुन्या नाण्यावर 'नये' का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनीच शोधावे.

तिसरे साधन देवळाजवळ किंवा वेशीपाशी उभे असलेले वीरगळ. शेंदूर लागल्याने त्याला कोणी देव मानतात, कोणी नुसता दगड. तो खालून वर वाचावयाचा असतो. बहुधा सर्वांत खाली लढाईचे दृश्य किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य दिसतात. खाली गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधन राखताना पडलेल्या वीराचा समजतात. विद्यार्थ्यांनी त्याचे चित्र काढावे. मात्र तो खरवडू वा हलवू नये.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, घराघरांतील दप्तरे त्यांनी धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि तिचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. त्यांना मिळालेले कागद बचावले. ज्यांच्यापर्यंत कोणी पोहोचले नाही, त्यांतील कित्येक वाळवीने खाल्ले. आजही मोडी कागद रद्दीत जातात आणि जीर्णोद्धारात वीरगळ पायात गाडले जातात.

येथे ग्रामपंचायतीचे कर्तव्य सुरू होते. गावातील वीरगळ, सतीशिळा व शिलालेख यांची यादी करावी. मोडी कागद ज्यांचे त्यांच्याकडेच राहू द्यावेत, पण त्यांची नोंद घ्यावी आणि पुराभिलेख कार्यालयाचा सल्ला घ्यावा. नांगरताना किंवा पाया खणताना गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही ग्रामस्थांना समजावून सांगावे.

शिक्षकांनी एक दक्षता घ्यावी. गावाचा इतिहास वाड्यापुरता नसतो. विहीर खणणारे, चरकावर राबणारे, दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रिया यांच्या आठवणीही वहीत याव्यात. अशी वही दोन महिन्यांत सिद्ध होऊ शकते. ती १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभेपुढे वाचली जावी आणि तिची एक प्रत शाळेत, दुसरी पंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तिच्यातील चुका शोधून आपला अभ्यास सुरू करावा.