फुंकनळीची शाळा

फिरोजाबादचे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले ते बांगड्यांमुळे. परंतु उत्तर प्रदेशातील या गावी दिव्यांच्या हंड्या, सुरया आणि झुंबरांचे भागही घडविले जातात, आणि त्यांपैकी पुष्कळ सामान तोंडाने फुंकून तयार होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर जन्मलेली ही विद्या आहे.

पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, नळी सतत फिरवीत ठेवायची आणि बेताने फुंकर घालायची. फिरविणे थांबले, की गोळा ओघळतो. घाईने निवविला, तर तडकतो. फुंकावे केव्हा आणि थांबावे केव्हा, हे काचेच्या रंगावरून ओळखावे लागते. ही ओळख पुस्तकातून होत नाही. वर्षानुवर्षे भट्टीपुढे उभे राहूनच होते.

आजवर ही उमेदवारी बालपणीच सुरू होत असे. १९८६ च्या कायद्याने आणि २०१६ च्या दुरुस्तीने मुलांना अशा धोक्याच्या कामावर लावण्यास मनाई झाली. हे सर्वथा योग्यच झाले. कोवळ्या फुफ्फुसांच्या मोलाने टिकणारी कला टिकवावी, असे कोणताही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. परंतु जुनी शाळा बंद करताना नवी उघडणे हेही राज्यकर्त्यांचेच कर्तव्य नव्हे काय?

याच गावाचा एक दाखला बोलका आहे. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडण्याचा आदेश दिला. मात्र कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू देण्याची योजनाही त्याबरोबर होती. निषेधाला पर्यायाची जोड मिळाली, म्हणून फिरोजाबादच्या भट्ट्या पेटत्या राहिल्या.

शिक्षणाच्या बाबतीतही हेच व्हावयास हवे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला विद्यावेतन, अनुभवी उस्तादाला शिक्षकाचा मान आणि वेतन, भट्टीपाशी वायुवीजनाची सोय, आणि तयार मालाला सरकारी इमारतींची मागणी, एवढे तरी अवश्य आहे. २०२३ साली युनेस्कोने सहा युरोपीय देशांतील हस्तनिर्मित काचेच्या विद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गौरव म्हणून ते स्वागतार्ह आहे. तथापि यादीत नोंदलेली विद्या आणि हातात उतरलेली विद्या यांत अंतर असते. संग्रहालयातील सुरई काल काय घडले ते सांगते. उद्याची सुरई घडवायला शिकलेला हातच लागतो.