सातासमुद्रापार गेलेले नागरिक आणि मातृभूमीचे ऋणानुबंध

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आयोजकांनी मला दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी कापडाचा व्यापारी. राज्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही परदेशी राहणाऱ्या आपल्या नागरिकांशी सरकारे नाते कसे जोडतात हा विषय मी मुद्दाम निवडला. आज या सभागृहात बसलेल्या बहुतेक कुटुंबांतील एखादा मुलगा, एखादी लेक किंवा एखादा नातू परदेशी आहे. सरकारने या बाबतीत पन्नास-पंचाहत्तर वर्षांत जे धडे गिरवले, ते आपल्यासारख्या संस्थेलाही गिरवावे लागणार आहेत.

आपल्या समाजाला परदेशगमन नवीन नाही. महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. हालारी ओसवाल बांधवांनी पूर्व आफ्रिकेत दुकाने थाटली, पालनपूरच्या जैन कुटुंबांनी बेल्जियममधील अँटवर्पच्या हिरेबाजारात नाव कमावले. लेस्टरमध्ये १९८८ साली जिनालय उभे राहिले. अमेरिकेतील जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ पासून कार्यरत आहे. माणसे गेली, पण धर्म बरोबर घेऊन गेली. प्रश्न असा की, ज्या देशाने त्यांना जन्म दिला, त्या देशाचे सरकार त्यांच्याशी कसे वागले?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांचे उत्तर थोडे कोरडे आहे. ज्या देशात राहता त्या देशाशी एकनिष्ठ राहा, तेथील लोकांत मिसळून जा, अशी पंडित नेहरूंची भूमिका होती. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या आफ्रिकी राष्ट्रांशी मैत्री राखायची असेल तर हीच भूमिका योग्य, असा त्यामागचा विचार होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. शिवाय राज्यघटनेच्या ९व्या कलमाचे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे सूत्र स्पष्ट होते: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपले. परंतु १९७२ साली युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा या कोरडेपणाची किंमत कळली. आयुष्यभराची दुकाने, घरे, पेढ्या मागे टाकून माणसे निघाली. बहुतेकांच्या हाती ब्रिटिश पारपत्र होते. म्हणून हजारो कुटुंबे ब्रिटनला गेली, काही भारतात आली. नाते कागदावर नसेल तर संकटात ते कोणी निभवायचे, हा प्रश्न तेव्हा प्रथम तीव्रतेने उभा राहिला.

दुसरा टप्पा पैशाचा. आखातात तेलाचा पैसा वाहू लागला आणि केरळपासून कोकणापर्यंतची माणसे तिकडे गेली. त्यांची बचत देशात यावी म्हणून अनिवासी भारतीयांसाठी बँकांनी विशेष ठेवी सुरू केल्या. मात्र वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शिकवतात त्याप्रमाणे ठेव ही जमा दिसली तरी ती देणेही असते. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केला. आखातातून येणारा पैसा आटला, तेल महागले आणि १९९०-९१ मध्ये याच ठेवी भराभर काढल्या जाऊ लागल्या. देशाला सोने गहाण ठेवावे लागले त्याची अनेक कारणे होती. त्यांतील हे एक. केवळ व्याजदरावर उभे असलेले नाते व्याजदरापुरतेच टिकते, हा त्यातील धडा.

पण त्याच कुवेतने दुसरी बाजूही दाखवली. अम्मानमार्गे सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. एअर इंडियाच्या विमानांनी ५९ दिवसांत चारशेहून अधिक फेऱ्या केल्या. नागरी विमानांनी केलेल्या इतक्या मोठ्या सुटकेचे दुसरे उदाहरण तोवर नव्हते. पुढे २०१५ साली येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’ने आपल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांबरोबर इतर अनेक देशांच्या नागरिकांनाही बाहेर काढले. २०२२ साली युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. ज्याच्या मुलाला युद्धाच्या आगीतून घरी आणले, त्या बापाला देशाचे नाते समजावून सांगण्यासाठी भाषणाची गरज उरत नाही.

या अनुभवांतून तिसरा टप्पा आला, तो मान्यतेचा. १९९८ साली पोखरणच्या अणुचाचणीनंतर निर्बंध लादले गेले, तेव्हा ‘रिसर्जंट इंडिया बाँड’मध्ये परदेशस्थ भारतीयांनी चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गुंतवली. पैसा मिळाला; आता मान द्यायला हवा, ही जाणीव दिल्लीला झाली. २००० साली सरकारने एक उच्चस्तरीय समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी हे आपल्याच समाजाचे भूषण. जोधपूरचे हे विधिज्ञ १९९१ ते १९९७ या काळात ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते आणि १९९० साली प्रिन्स फिलिप यांना सादर झालेले निसर्गविषयक जैन घोषणापत्र त्यांनीच लिहिले होते. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस परतले. तो दिवस ‘प्रवासी भारतीय दिवस’ म्हणून साजरा करावा, ही या समितीची शिफारस. २००३ साली दिल्लीत पहिला सोहळा झाला, २००५ चा सोहळा आपल्या मुंबईत झाला. २०१५ पासून तो दर दोन वर्षांनी भरतो.

पहिल्याच सोहळ्यात पंतप्रधान वाजपेयींनी दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली. प्रत्यक्षात २००५-०६ पासून मिळू लागले ते ‘ओसीआय’ कार्ड. येथे अनेकांची गल्लत होते. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर आयुष्यभर व्हिसाविना येता-जाता येते, राहता येते; परंतु मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पारपत्र राखून परदेशी राहणारा अनिवासी भारतीय मात्र पूर्ण नागरिक आहे. त्याला २०११ पासून मतदार यादीत नाव नोंदवता येते. अट अशी की, मत देण्यासाठी स्वतः मतदान केंद्रावर हजर राहावे. परिणाम पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केले जेमतेम तीन हजारांनी, आणि त्यांतील बहुतेक केरळचे. हक्क कागदावर आहे, वाट मात्र बांधायची राहिली आहे. फ्रान्सने २०१२ पासून परदेशस्थ फ्रेंच नागरिकांसाठी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात अकरा जागा ठेवल्या आहेत, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मेक्सिकोचे उदाहरण मला विशेष भावते. अमेरिकेत मजुरीला गेलेल्या एका गावच्या लोकांनी मंडळ स्थापून गावातील रस्ता, पाणी वा शाळेसाठी एक पेसो दिला, की नगरपालिका, राज्य आणि केंद्र यांनी प्रत्येकी एक पेसो घालायचा, अशी ‘एकास तीन’ योजना तेथे अनेक वर्षे चालली. पुढे तेथील केंद्र सरकारने ती बंद केली. तरीही तिच्यातील तत्त्व मोलाचे आहे: मागणाऱ्याने आधी आपला वाटा ताटात ठेवावा.

आपल्या सरकारच्या वहीत एक बाजू फार काळ रिकामी राहिली, हेही सांगितले पाहिजे. सोहळ्यांत सत्कार होतात ते यशस्वी उद्योजकांचे, डॉक्टरांचे. पण आखातात उन्हात राबणारा गवंडी, सुतार, घरकाम करणारी भगिनी हेही प्रवासी भारतीयच. त्यांच्यासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा, २००३ ची प्रवासी भारतीय विमा योजना, २००९ चा समुदाय कल्याण निधी अशी पावले पडली. एजंटाने फसवलेल्या, पगार अडलेल्या, किंवा ज्याचे पार्थिव घरी आणायचे आहे अशा माणसाच्या कुटुंबाला दूतावासाचे दार किती लवकर उघडते, यावरच या नात्याची खरी किंमत ठरते. २०२४-२५ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. आपल्या आयात-निर्यातीच्या तुटीची जवळजवळ निम्मी भरपाई त्यातून झाली. त्यात त्या गवंड्याच्या घामाचा वाटा आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या ट्रस्टने परदेशी गेलेल्या आपल्या मुलांशी कोणते नाते ठेवले आहे? जीर्णोद्धार निघाला, धर्मशाळेचा मजला चढवायचा ठरला, की आपण त्यांना पत्र लिहितो आणि पावती पाठवतो. म्हणजे आपण अजून सरकारच्या दुसऱ्या टप्प्यावर, पैशाच्या टप्प्यावरच उभे आहोत. जी मुले गेली त्यांची मुले मराठी बोलत नाहीत, येथील पाठशाळा त्यांनी पाहिलेली नाही. आजच्या दात्याच्या पश्चात त्या घरातून आपल्या पत्राला उत्तर येणार नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत हे घडेल, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

देणगीच्या बाबतीतही कायदा नीट समजून घ्यावा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी बांधवाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही विदेशी अंशदान ठरत नाही. मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले, तो आपला सख्खा भाचा असला, तरी त्याची देणगी विदेशी अंशदानच होय. २०१० च्या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती स्वीकारता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. म्हणून देणगी घेताना प्रेमाने, पण आग्रहाने पारपत्राची प्रत मागावी. भावनेच्या भरात घेतलेली रक्कम संपूर्ण संस्थेस अडचणीत आणू शकते.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात मी विश्वस्तांपुढे तीन विनम्र सूचना ठेवतो. पहिली, परदेशस्थ कुटुंबांची नोंदवही तयार करावी. तिच्यात देणगीच्या रकमेआधी मुलांची नावे आणि वये लिहावीत. दुसरी, केंद्र सरकार जसे परदेशस्थ तरुणांना ‘नो इंडिया’ कार्यक्रमातून भारत दाखवते, तसे आपण पर्युषणात किंवा सुट्टीत या मुलांना आठ-पंधरा दिवस येथे बोलवावे. त्यांनी आपल्या घरांत राहावे, पाठशाळेत बसावे, पांजरापोळ पाहावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्यांची मुले दूर आहेत अशा येथील वृद्ध आई-वडिलांची जबाबदारी ट्रस्टने उचलावी. रात्री-अपरात्री रुग्णालयात न्यायला एक गाडी आणि दोन तरुण हवेत. मुलाला कळवायला एक दूरध्वनी हवा. टोरांटोत वा दुबईत बसलेल्या मुलाला आपल्या आईपाशी समाज उभा आहे हे कळले, की त्याच्याशी नाते जोडण्यासाठी वेगळे निवेदन छापावे लागणार नाही. युद्धभूमीवर उतरलेल्या विमानाने देशासाठी जे केले, तेच ही गाडी ट्रस्टसाठी करील.

जीवांच्या परस्परसाहाय्याचे तत्त्व आपल्या धर्माच्या प्रतीकचिन्हाखालीच कोरलेले आहे. परस्पर म्हणजे दोन्ही बाजूंनी. सरकारला हे समजायला अर्धे शतक लागले. आपल्याही संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली आहेत. पहिल्या पन्नास वर्षांत आपण वास्तू उभारली. पुढील पन्नास वर्षांत तिच्यात येणारी माणसे, जवळची आणि दूरची, सांभाळू या.



जय जिनेंद्र! जय हिंद! जय महाराष्ट्र!