लांब धावायचं तर दमानं



आपल्या चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, मोशी पट्ट्यात हल्ली पहाटे मुली आणि बायका धावताना दिसतात. कुणाला पोलीस भरतीत ८०० मीटरचे २० गुण हवेत, कुणाला शुगर आटोक्यात ठेवायचीय, कुणाला कंपनीत लाईनवर उभं राहून आखडलेलं अंग मोकळं करायचंय. बचत गटांतल्या काही जणी १० किलोमीटरच्या शर्यतीपर्यंत पोचल्या. पण त्याहून जास्त जणी पहिल्या दोन महिन्यांतच थांबल्या. का थांबलात विचारलं, तर चुका त्याच त्या निघतात. आज त्याविषयी बोलू.

काही ताया म्हणतात, "आम्ही हंडे वाहिले, भांगलण केली, आम्हाला धावायला काय शिकायचंय?" यावर पुण्यातली जुनी गोष्ट सांगते. शंभर वर्षांपूर्वी डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं धावत. सर दोराबजी टाटांनी पाहिलं, की पोरं काटक आहेत, पण धावण्याचे नियम आणि रीतसर सराव त्यांना ठाऊक नाही. तिथूनच प्रयत्न सुरू झाले आणि १९२० साली भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. म्हणजे अंगात ताकद असली, तरी धावणं शिकावं लागतं.

पहिली चूक सुरुवातीच्या जोराची. शिट्टी वाजली की सगळ्यांबरोबर सुसाट सुटायचं आणि एका किलोमीटरला धाप लागून बसायचं. आळंदी-देहूची वारी आपल्या शेजारून निघते. वारकरी पहिल्याच दिवशी पंढरपूर गाठायला बघत नाही, मुक्काम करत जातो. धावताना शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. सुरुवातीला दोन मिनिटं धावणं आणि दोन मिनिटं चालणं, एवढं पुरे.

दुसरी चूक अंतर एकदम वाढवण्याची. हे आपल्याला कर्जाच्या भाषेत पटकन कळेल. ऐपतीपेक्षा मोठं कर्ज उचललं, की हप्ता थकतो. शरीराचंही तसंच आहे. या आठवड्यात एकूण १० किलोमीटर झालं, तर पुढच्या आठवड्यात ११ करा, २० नको. मधे एक-दोन दिवस विश्रांती घ्या. पाय मजबूत होतात ते विश्रांतीतच.

तिसरी चूक खाण्यापिण्याची. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं आणि पहाटे उपाशी धावायचं, यानं चक्कर येते. निघण्याआधी केळं किंवा दोन-तीन खजूर खा. आल्यावर भाकरीबरोबर डाळ, उसळ किंवा अंडं घ्या. लवकर धाप लागत असेल, तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर आधी त्याचा इलाज करा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पाणी घोटघोट प्या. तहान नसताना तांब्याच्या तांब्या रिचवणंही धोक्याचं, त्यानं रक्तातलं मीठ कमी होतं. पाळी अचानक बंद झाली, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

चौथी चूक बूट आणि दुखण्याची. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आधी दोन-तीन आठवडे वापरायचे. सगळे पाय ठणकले आणि दोन दिवसांत थांबले, तर ते सरावाचं दुखणं. पण नडगीत एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि कंटेनरच्या रस्त्यावर एकटीनं, अंधारात धावू नका. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, जोडीनं धावा.

आता पाचवी चूक. ही धावणारीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. मुलाचा पाय मुरगळला, तर घरचे हळद लावतात आणि चार दिवसांनी तो पुन्हा मैदानावर असतो. मुलीचा मुरगळला, तर "सांगितलं होतं ना" म्हणून तिचे बूट माळ्यावर जातात. चुकत चुकत शिकायची सवलत तिला मिळतच नाही. माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीला पोचल्या आणि १० व्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत पोचलेली भारतीय महिला दिसायला ३२ वर्षं लागली. पहिल्या दुखण्यालाच मुलींचे बूट काढून घेतले, तर असा दिवस वारंवार कसा येईल?

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की एक विचारा : आपल्यातली कोण धावायची थांबलीय आणि का? तिच्या घरी दोघी-तिघींनी मिळून जा. सासूबाईंशी बोला. पाय बरा झाला असेल, तर सोमवारी पहाटे तिला हाक मारा. पहिले आठ दिवस तिच्याबरोबर नुसतं चाला.