गणिताची पदवी आणि कर्जाचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा-सौसरच्या अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला अथवा मुलीला गणिताची गोडी आहे, गुणही उत्तम आहेत. पण गणिताची पदवी घेऊन पुढे काय? आणि त्यासाठी कर्ज काढावे का? हा प्रश्न व्यवहाराचा असला तरी क्षुद्र नव्हे. घराची पुढली दहा वर्षे त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक उदात्त उत्तर सापडते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिक्षणासाठी वडील बंधू गोविंदराव पंधरा रुपयांच्या पगारातून दरमहा आठ रुपये पाठवीत. १८८४ साली पदवीधर झालेले गोखले वकिलीची प्राप्ती बाजूला सारून पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणितही शिकविले, आणि त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकाने संसाराला हातभार लावला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षकी करीत ६१७४ या संख्येचे गुणधर्म शोधले.

ही उदाहरणे प्रेरक आहेत. परंतु त्यांतून सोयीचा अर्थ काढू नये. गोखल्यांवरील ऋण भावाचे होते. त्याला व्याज नव्हते, हप्ता नव्हता, मुदत नव्हती. आजचे ऋण बँकेचे आहे. तुटपुंज्या पगारावर गणिताचे प्रेम जपता येते. त्याच पगारातून हप्ता वजा झाल्यावर ते कितपत जपता येईल, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून आकडे मांडणे इष्ट. समजा, तीन वर्षांच्या पदवीसाठी दूरच्या खाजगी संस्थेत पाच लाख रुपये कर्ज घेतले, दरवर्षी सारख्या रकमेने उचलले आणि व्याज दहा टक्के धरले. शिक्षणाच्या काळात व त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता सामान्यतः मागितला जात नाही, पण सरळ व्याज चढत राहते. ते दीड लाख होते. साडेसहा लाखांची फेड दहा वर्षांत करावयाची तर हप्ता सुमारे ८,६०० रुपये येतो आणि एकूण परतफेड दहा लाखांवर जाते. हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्श्यात बसावा असे मानले, तर हाती ४३,००० रुपये पडले पाहिजेत. केवळ बी.एस्सी.च्या बळावर पहिल्याच नोकरीत इतकी प्राप्ती गृहीत धरणे शहाणपणाचे नाही. शाळेत शिकवावयाचे तर बी.एड. हवे, महाविद्यालयात शिकवावयाचे तर एम.एस्सी. आणि नेट हवी. कर्ज मात्र त्या वर्षांची वाट पाहत नाही.

येथे आपल्या भागाची एक विशेष अडचण आहे. संत्राबागेचे उत्पन्न बहराला येते. आंबिया बहर दिवाळीच्या आगेमागे हाती लागतो, मृग बहर उन्हाळ्याच्या तोंडावर. बँकेचा हप्ता मात्र दरमहा येतो. कर्ज मुलाच्या नावे असले तरी पालक सहकर्जदार असतो. नोकरी लांबली, की तो हप्ता बागेवर येऊन पडतो. आणि त्या वर्षी गारपीट झाली, तर कोणाकडे पाहावयाचे?

याचा अर्थ गणित सोडावे असा मुळीच नाही. गणिताला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चांगला शिक्षक, पुस्तके आणि वेळ लागतो. पांढुर्णा आणि सौसर येथे शासकीय महाविद्यालये आहेत. घरून जाऊन पदवी पूर्ण केली आणि एकूण कर्ज एका लाखात आवरले, तर त्याच हिशेबाने हप्ता सुमारे १,७०० रुपये होतो. त्यानंतर आय.आय.टी.च्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ परीक्षा आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मध्य प्रदेशात मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे, आणि खेड्यातील मुलींसाठी गाव की बेटी योजनाही आहे. येथून भोपाळपेक्षा नागपूर जवळ. तथापि सीमा ओलांडल्यावर आपल्या राज्याची कोणती सवलत टिकते, याची चौकशी प्रवेशाआधीच करावी.

तात्पर्य, कर्ज सर्वांत मोठ्या पगाराच्या बातमीशी नव्हे, तर सर्वांत साध्या, खात्रीच्या पगाराशी ताडून पाहावे. गणिताच्या विद्यार्थ्याने कर्ज शक्यतो उशिरा घ्यावे, पात्रता सिद्ध झाल्यावर घ्यावे. पदवीच्या आरंभीच नव्हे.

१९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य व जिल्हा बदलले, तरी येथील मराठी घराची शिक्षणाची ओढ तशीच आहे. वाचनालयांनी या घरांसाठी आता एवढे करावे: स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्त्यांच्या मुदती आणि कर्जाच्या हप्त्यांचा एक तक्ता वाचनकक्षात ठेवावा. गणिताची आवड असलेल्या मुलाने आपले पहिले व्यावहारिक उदाहरण तेथे बसून, वडिलांनी कागदावर सही करण्यापूर्वी सोडवावे.