रबराची वानरसेना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या गणेशोत्सवात आपल्या मुलांनी लंकादहनाचे नाटक केले. त्यातले वानरांचे मुखवटे पाहून पुष्कळ जणींनी मला विचारले, "अहो, हे कोल्हापुराहून भाड्याने आणले का?" ते घरीच केले होते हे सांगितले, तर कोणाला खरे वाटेना. म्हणून अध्यक्षाबाईंनी मला इथे उभे केले आहे. मी काही कलावंत नव्हे. भाकरी थापणाऱ्या हातांनी जे जमले आणि जे फसले, तेवढेच सांगणार आहे.

पूर्वी आपण मुखवटे कागदाच्या लगद्याचे करीत असू. कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात मेथीची पूड घालायची आणि साच्यावर थापायचा. ही रीत चांगलीच आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात कागदाचे मुखवटे घालून देव नाचतात, ते पाहण्यासारखे असते. पण आपला उत्सव पडतो भाद्रपदात, आणि शाहूवाडीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. एका वर्षी ऐन रंगात सुग्रीवाचे नाक ओले होऊन त्याच्या हातात आले. पोराने ते मुठीत धरून भाषण पुरे केले, टाळ्याही घेतल्या. पण लगद्याची कड घासून त्याचा गाल सोलला होता. तेव्हा मनात आले, मुखवटा मऊ का असू नये?

उत्तर दिले आमच्या कुंभारदादांनी. गणपतीच्या मूर्तीचा साचा ते रबराचा करतात. मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे हात देतात, आणि तो वाळला की मोज्यासारखा सोलून काढतात. ते म्हणाले, "वहिनी, मी बाहेरून लावतो, तुम्ही साच्यात आतून ओता. मुखवटाच निघेल."

हा चीक म्हणजे काय? फणस चिरताना आपल्या हाताला लागतो, तसाच एका झाडाचा चीक. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. १८७६ साली त्याच्या बिया इंग्लंडला नेल्या, आणि तिथून रोपे सिंहलद्वीपात आली. आज आपल्याकडे केरळात त्याचे मोठे मळे आहेत. ताज्या चिकात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रबर असते, बाकी बहुतेक पाणी. दुधावरची साय वेगळी काढावी तसा तो यंत्रात फिरवून दाट करतात, मग त्यात रबर शेकडा ६० च्या घरात जाते. दूध नासते तसा हा चीकही आंबट लागला की फाटतो, म्हणून त्यात अमोनिया घालून ठेवतात. डबा उघडला की जो उग्र वास येतो तो त्याचाच. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात, दारे लावून करायचे नाही. पडवीत, वाऱ्याला करायचे. नुसते कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ताठते. गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करण्याची युक्ती गुडइयर नावाच्या अमेरिकन गृहस्थाला १८३९ मध्ये सापडली. हल्ली तो संस्कार केलेला चीकच विकत मिळतो. आपल्याला चुलीवर काही करावे लागत नाही.

आता कृती. मुलाचा चेहरा दोऱ्याने मोजावा आणि पाटावर शाडूचा वानर घडवावा. तो मापापेक्षा थोडा मोठा हवा, कारण चीक वाळताना आकसतो. विताला अर्धा इंच धरावा. शाडूच्या भोवती भिंत करून वर प्लास्टर ओतावे. प्लास्टर कालवताना पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये. प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते. मुलांचे हात किंवा तोंड त्यात कधीही बुडवू देऊ नका, भाजते. घट्ट झाले की शाडू काढून साचा धुवावा आणि वाळू द्यावा.

साचा वाळणे हीच सगळ्यात मोठी गोष्ट. कोरडे प्लास्टर चिकातले पाणी शोषून घेते आणि भिंतीलगत रबराची साय धरते. साचा काठोकाठ भरून अर्धा-पाऊण तास ठेवावा आणि उरलेला चीक फडक्यातून गाळून डब्यात परत ओतावा. आतली साय पांढरी असते. ती पिवळसर, पारदर्शक दिसू लागली की वाळली. मग आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी आणि कडेपासून हळूहळू सोलत पुढेही पूड लावीत जावे. ही पूड विसरलात तर रबर रबराला असे चिकटते की पुन्हा सुटत नाही. नाकाची आणि तोंडाची भोके कात्रीने मोठी कापावीत. रंग द्यायचा तो चिकातच कालवून द्यावा. नुसता वरून दिलेला रंग ताण पडला की तडकतो.

आता माझ्या चुका. पहिल्यांदा मी आषाढात काम काढले. साचा आठ दिवसांतही वाळला नाही, आणि पहिला मुखवटा ओल्या पोळीसारखा फाटला. पुढच्या वर्षी वैशाखातच अंगणात साचे वाळवले. दुसरी चूक अशी, की फणस चिरताना हाताला तेल लावतो, त्याच सवयीने मी साच्यालाही तेलाचा हात फिरवला. तेल हे रबराचे वैरी आहे. मुखवटा सुटला खरा, पण महिन्याभरात लिबलिबीत झाला. तिसरी चूक, चीक ओतायला पितळेचे पातेले घेतले. तांब्या-पितळेने रबर लवकर खराब होते. त्या पातेल्यातला चीक वाया गेला. प्लास्टिकचा डबा घ्यावा, आणि काम झाल्यावर तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

चौथी चूक मात्र हसून सांगण्यासारखी नाही. तालमीला माझ्या धाकटीने अंगदाचा मुखवटा चढवला आणि पंधरा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. मुखवटा काढून तशीच तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी औषध दिले आणि एकच प्रश्न विचारला, "फुगा फुगवताना हिच्या तोंडाला खाज सुटते का?" सुटत होती. तिच्या वाढदिवसाला मी पाहिले होते आणि "काही नाही गं" म्हणून सोडून दिले होते. काहींना रबराचा चीक सोसत नाही, आणि पुढच्या वेळी श्वास अडकण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तेव्हापासून ती कुठल्याही डॉक्टरांकडे गेली, तरी रबरी हातमोज्यांबद्दल आम्ही आधी सांगतो. भगिनींनो, मुखवटा देण्यापूर्वी प्रत्येक आईला हा फुग्याचा प्रश्न विचारा. जरा शंका आली तरी "अंगावर लावून बघू" असा प्रयोग घरी करू नका. त्या मुलाला रबरापासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

धाकटी रडत होती, ती सुजेने नव्हे. आता नाटकात घेणार नाहीत म्हणून. मग मी जुनी मेथीची पूड काढली आणि लुगड्याचे अस्तर लावून तिला लगद्याचा मुखवटा केला. तिच्या जवळचे दोन्ही वानरही लगद्याचेच ठेवले. बारा वानरांत तीन कागदाचे होते. तुमच्यापैकी कोणाला ओळखू आले का?

एक शेवटचे. रबर पेट घेते. म्हणून आपल्या मारुतीच्या शेपटीला खरी ज्योत नव्हती. तांबडा पातळ कागद आणि आत लहानशी विजेरी होती. आरतीच्या वेळी मुखवटे काढून ठेवायचे हा नियम आपण कायमचा करावा. उत्सव संपला की मुखवट्यांना पूड लावून, आत कागद कोंबून ते अंधाऱ्या पेटीत ठेवावेत. उन्हात ते चिरतात.

आपला जिल्हा सोंगे सजवण्यात मागे नाही. बाबूराव पेंटर चित्रे रंगवीत, पुतळे घडवीत, आणि त्यांनी कोल्हापुरात १९२० साली काढलेल्या 'सैरंध्री'तला कीचकवध लोकांना खरा वाटला. त्या मातीतल्या आपण आहोत. साचे माझ्या पडवीत आहेत, ज्यांना हवे त्यांनी घेऊन जावे; एका साच्यातून पुष्कळ वानर निघतात. मात्र आधी फुग्याचे विचारा, मग चिकाचा डबा उघडा.