खेळाचा हिशेब

आज बालशिक्षणाची पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या तायांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. घर, शेत, गुरंढोरं सांभाळून तुमच्यातल्या अनेकींनी हा अभ्यास पुरा केला. ज्यांनी मागे घर सांभाळलं, त्यांचंही अभिनंदन.

कामावर रुजू झालात की एक प्रश्न तुम्हाला वारंवार ऐकावा लागेल : "ताई, पोरगं शिकतंय का नुसतं खेळतंय?" विचारणाऱ्याला हसू नका. पोटाला चिमटा घेऊन तो लेकराला शिकवतोय. टाय लावून व्हॅनमधून शाळेत जाणारी मुलं त्याला रोज दिसतात, आपलं मूल मागे पडेल ही धास्ती खरी आहे. 'खेळातून शिक्षण होतं' एवढ्या सुविचारावर त्याचं समाधान होणार नाही. त्याच्या मुलाच्या आजच्या खेळात काय घडलं, ते तुम्हाला बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

उदाहरण इथलंच घेऊ. आपला भूम तालुका खव्याचा. तेव्हा इथल्या भातुकलीत भट्टी आलीच. समजा, अंगणवाडीच्या कोपऱ्यात चार पोरं बसलीत. तीन दगडांवर पत्र्याचं झाकण, त्यात कालवलेली माती. एकजण काडीनं ढवळतेय, दुसरा खालून जाळ सारतोय, तिसरा करवंटीत खडे टाकून वजन करतोय. ढवळणारी म्हणते, "अजून पातळ हाय, थांब." चौथ्यालाही ढवळायचंय. "आधी माझा नंबर" ऐकून तो तोंड फुगवतो, पण थांबतो.

आता हिशेब मांडा. दूध आटत जातं तसं घट्ट होतं, हे त्या मुलीनं घरी पाहिलं होतं. इथं तिनं ते स्वतः वापरलं. काडीचं उलथणं झालं, खड्याचं वजन झालं. एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करायची ही करामत साधी नाही. पुढं 'क' ही खूण एका आवाजाच्या जागी आणि '५' हा आकडा पाच वस्तूंच्या जागी उभा राहतो, तेव्हा हीच बुद्धी कामाला येते. आणि तो चौथा? एरवी क्षणभर न थांबणारं पोर खेळ मोडू नये म्हणून स्वतःला आवरतं. खेळात मूल आपल्या रोजच्या वागण्याच्या एक पायरी वर चढतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३०च्या दशकात मांडलं होतं. त्याचा दाखला तुमच्या कोपऱ्यात तोंड फुगवून बसलाय.

पालक कौतुकानं सांगतात, "आमच्या बबलूला शंभरपर्यंत येतंय." त्याच्यासमोर पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ जरा पसरवा आणि विचारा, कुठं जास्त? चार वर्षांचं मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवतं. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी अशाच प्रयोगांतून दाखवून दिलं, की आकडे म्हणता येणं निराळं आणि संख्या उमगणं निराळं. ती उमगायला चिंचोके वाटून घ्यावे लागतात, लपवावे लागतात, हरावे-जिंकावे लागतात. लिहिण्याचंही तसंच. पोळ्याचा मातीचा बैल करताना शिंगं वळवणारी बोटंच पुढं पेन्सिल धरायला तयार होतात.

खेळातून शिकण्याचा हा विचार आपल्याकडे शंभर वर्षं मुरलाय. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कामात सामील झाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण माँटेसरी पद्धतीची शिक्षणसाधनं महागडी, खेड्याला न परवडणारी. १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी नखं, केस, आंघोळ. मग शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं. पुढं कोसबादच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, ती अंगणवाडीच्या रूपानं आज आपल्या दारात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं त्यात खेळाला मध्यभागी बसवलं. कागद तुमच्या बाजूनं आहे. गावाला पटवायचं काम तुमचं.

त्यासाठी रोज दोन मुलं निवडा. दहा मिनिटं नुसतं बघा आणि तीन ओळी लिहून ठेवा. मूल न्यायला आलेल्या आईला त्यातलं एक वाक्य सांगा : "आज यानं खडे लहान-मोठे वेगळे लावले." महिनाभरात ती स्वतःच विचारू लागेल, आज काय केलं म्हणून. मुलं रंगात आली असताना मध्येच "हा रंग कोणता?" असं विचारून परीक्षा घेऊ नका. विचारायचंच तर "आता पुढं काय होईल?" असं विचारा. मात्र खेळ म्हणजे पोरं मोकाट सोडणं नव्हे. साहित्य मांडणं, वेळ राखणं, दांडगट पोराला आवरणं, कडेला उभ्या असलेल्या पोराला आत ओढणं, हे सारं तुमचंच काम. उजळणी घोकून घेणं याहून कितीतरी सोपं आहे.

शेवटी, जी मुलं खेळायला येतच नाहीत त्यांच्याविषयी. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात. आईबापांमागं लेकरं उसाच्या फडावर जातात आणि कोपीत राहतात. गावात राहिलेल्या एखाद्या पाच वर्षांच्या पोरीच्या काखेत धाकटं भावंड असतं. तिला खेळायला मोकळं करायचं तर त्या धाकट्यालाही आत घ्यावं लागेल. फडावरून परतलेल्या मुलाला पाटी देण्याआधी खेळात जागा द्यावी लागेल, कारण सवंगड्यांत मिसळलं तरच ते दुसऱ्या दिवशी परत येईल. अनुताई गुरांमागच्या मुलांपर्यंत गेल्या, तुम्हाला कोयत्यामागच्या मुलांपर्यंत जायचंय.

हजेरीपटावर नाव आहे आणि खेळात नाही, असं एकही लेकरू तुमच्या गावात राहू देऊ नका. एवढं मागणं मागतो आणि तुम्हा सर्वांना शुभेच्छा देतो.