अळवाचं पान आणि बर्फातलं जॅकेट



फेब्रुवारी-मार्च हे डोंगरवेड्यांच्या घरात परतीचे दिवस. कोणी औलीहून स्कीइंगचा कोर्स करून येतं, कोणी गुलमर्गहून, कोणी केदारकंठ्याच्या बर्फातून. आल्या आल्या मोजे, थर्मल, टी-शर्ट सगळं धुण्यात पडतं. पडत नाही ती एकच वस्तू, आणि नेमकी सगळ्यांत महागाची: वॉटरप्रूफ जॅकेट आणि त्याच्याबरोबरची पँट. ती झटकली जाते, दोन दिवस गॅलरीत टांगली जाते आणि मग सॅकमध्ये कोंबून माळ्यावर जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "धुतलं की त्यातला वॉटरप्रूफपणा जातो."

मी स्वतः कितीतरी वर्षं हेच मानत होते. औलीला पहिल्यांदा गेले तेव्हा अंगात आमच्या क्लबातल्या एका ताईंचं जॅकेट होतं. त्यांनी ते आठ-दहा हिवाळे वापरलं होतं आणि एकदाही पाण्यात बुडवलं नव्हतं. देताना त्यांनी तसं अभिमानानं सांगितलंही होतं. पहिले तीन दिवस ऊन होतं, काही जाणवलं नाही. चौथ्या दिवशी ओला बर्फ पडू लागला. शिकाऊ माणूस स्कीवर उभा कमी राहतो आणि पडतोच जास्त. दुपारपर्यंत खांदे, कोपरं आणि बसण्याची जागा भिजून काळीशार झाली. संध्याकाळी अस्तरही ओलं लागलं आणि हुडहुडी काही थांबेना. जॅकेट गळतंय, असं मी जाहीर करून टाकलं. आमच्या प्रशिक्षकांनी ते उलटं केलं, शिवणींवरच्या पट्ट्या बोटानं चाचपल्या, कॉलरवरचा काळपट तेलकट थर दाखवला आणि म्हणाले, "ये बाहर का पानी नहीं है बेटा, तुम्हारा पसीना है. जॅकेट को नहलाओ."

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला आपलं अळवाचं पान पुरेसं आहे. अळवावर पाणी ठरत नाही, मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं, कारण पानावर मेणाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. परसात अळू असेल तर पानाचा एक भाग अंगठ्यानं जोरात चोळा आणि तिथे पाणी टाका. थेंब गोल न राहता पसरेल. पान तेच असतं, फक्त वरचा थर गेलेला असतो.

चांगल्या जॅकेटच्या वरच्या नायलॉनवरही असाच पाणी झटकणारा एक लेप असतो. खरा वॉटरप्रूफ भाग त्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारा. त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे. नॉनस्टिक तव्यावर जो पदार्थ असतो, पीटीएफई, त्याच्या तापवलेल्या कांड्या 1969 साली अमेरिकेत बॉब गोअर हळूहळू ताणून पाहत होते. कांड्या सारख्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक कांडी जोरात हिसडली, तर ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थात असंख्य बारीक छिद्रं होती, एका चौरस इंचात सुमारे 9 अब्ज. पाण्याचा थेंब त्यांच्यासमोर हत्तीएवढा, पण घामाची वाफ सहज निघून जाते. गोअर-टेक्स ते हेच. 1976 च्या सुमारास त्याची जॅकेटं बाजारात आली, आणि लवकरच कळलं की त्वचेचं तेल या पडद्याचा शत्रू आहे. तेल शिरलं की पडदा पाणी अडवेना. म्हणून त्याला पॉलियुरेथेनचा पातळ थर जोडावा लागला. म्हणजे तेलाचं आणि या कपड्याचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

आता मळलेल्या जॅकेटचं काय होतं पाहा. बर्फात आपण तोंडाला जाड सनस्क्रीन फासतो, ते हनुवटीवरून कॉलरला लागतं. घाम, केसांचं तेल, रोपवेच्या खुर्चीचं ग्रीस, तंबूतल्या स्टोव्हचा धूर, सगळं कापडावर साचतं. मळ पाणी धरून ठेवतो. वरचा लेप मळाखाली गाडला गेला की पाणी घरंगळायचं थांबतं आणि नायलॉन स्पंजासारखं भिजतं. आतला पडदा शाबूत असतो, बाहेरचं पाणी तो अजूनही अडवतो, पण त्याच्या वर ओल्या कापडाची भिंत उभी राहिलेली असते. घामाची वाफ बाहेर पडायला जागाच उरत नाही. ती आतच थंड होऊन पाणी होते आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय. शिवाय पाणी स्तब्ध हवेपेक्षा जवळजवळ 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. उतारावर अडकलेल्या माणसासाठी हा फरक जिवाशी खेळणारा असतो. म्हणून धुलाईचा हा विषय मला सुरक्षेचा वाटतो आणि मी तो दोराइतक्याच गांभीर्यानं शिकवते.

धुवायचं कसं? आधी सगळे खिसे रिकामे करा, चेन आणि वेल्क्रो बंद करा. आत शिवलेल्या चिठ्ठीवर जे लिहिलंय ते माझ्या बोलण्यापेक्षा मोठं, ते आधी वाचा. साधारणपणे 30 अंशांचं कोमट पाणी, म्हणजे हाताला जेमतेम ऊन लागेल इतकं. रोजची कपड्यांची पावडर नको. तिच्यातला साबणाचा अंश कापडात उरतो आणि पाण्याला बोलावतो. मऊपणासाठी घालतात तो सुगंधी द्रव तर अजिबात नको, ब्लीच नको. अशा कपड्यांसाठीचा वेगळा द्रव साबण गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर सौम्य, बिनसुगंधी द्रव साबण अगदी थोडा घ्या आणि दोनदा नव्हे, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. कॉलर आणि बाह्यांची तोंडं मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासा. पिळू नका, पीळ शिवणींवरच्या पट्ट्यांना सैल करतो. मशीनमध्ये घालणार असाल तर पावडरचा कप्पा आधी धुऊन घ्या. आणि वरून झाकण उघडणाऱ्या मशीनमध्ये जलरोधक कपडा पिळण्याच्या फेरीला लावू नका. त्याच्या घडीत पाणी अडकतं, ड्रमचा तोल जातो आणि मशीन जोरात हादरतं. मी ते एकदा पाहिलंय. मी तरी बादलीतच धुते.

ड्रायक्लीनला देऊ नका, हे वेगळं सांगते. माझी एक पँट मी लाँड्रीत टाकली होती. परत आली ती दिसायला नवीकोरी, पण पाण्याचा पहिला थेंब पडला आणि तिथेच मुरला.

यानंतरची पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. धुतलेलं जॅकेट सावलीत वाळलं की त्याला थोडी ऊब द्यावी लागते. उन्हाळे-हिवाळे सोसून चोळामोळा झालेला लेप उबेनं पुन्हा ताठ होतो. परदेशात हे काम ड्रायर 20 मिनिटांत करतो. आपल्याकडे ड्रायर क्वचित. तेव्हा इस्त्री रेशमाच्या खुणेवर ठेवा, वाफ बंद करा, मध्ये सुती पंचा घाला आणि सावकाश फिरवा, अर्थात चिठ्ठीवर इस्त्रीला मनाई नसेल तर. मग बाहीवर पाणी शिंपडून बघा. थेंब गोल होऊन पळाले, तर अळवाचं पान परत आलं समजा. धुऊन, ऊब देऊनही पाणी पसरत असेल तरच नवा लेप विकत आणून लावायचा, फवाऱ्याचा किंवा पाण्यात मिसळायचा. आधी धुलाई, मग लेप. मळावर लेप चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झालाय. पूर्वीच्या लेपांत फ्लोरिनची जी रसायनं असत, ती निसर्गात विघटित होत नाहीत, नद्यांत आणि आपल्या रक्तातही साठतात. म्हणून अनेक कंपन्या ती सोडत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. त्यामुळे नवं जॅकेट लवकर मळतं आणि जास्त वेळा धुवावं लागतं. "नव्यात दम नाही" अशी तक्रार मी ऐकते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पिसांच्या जॅकेटबद्दल थोडक्यात. ते भिजलं की पिसांचे गोळे होतात. त्यामुळे धुतल्यावर ते दोन-तीन दिवस, गोळे बोटांनी मोकळे करत करत, पूर्ण वाळवायचं. ठेवताना दाबून ठेवायचं नाही.

आपल्या हवेबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. हे कपडे कोरड्या, थंड हवेसाठी जन्मले आणि राहतात मात्र मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या माळ्यांवर. पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत हळूहळू फुटतो. मग आतून पापुद्रे सुटतात, हात लावला तर चिकट लागतं, आणि एक आंबूस वास येतो जो कशानंही जात नाही. असं झालेलं जॅकेट कोणत्याही साबणानं परत येत नाही. घामाचा आणि तेलाचा थर अंगावर असताना ते पावसाळाभर सॅकमध्ये गुंडाळून ठेवलं की हे फार लवकर होतं, वर बुरशी येते ती वेगळीच. म्हणून आत्ताचे कोरडे दिवस मोलाचे. मार्च-एप्रिलमध्ये धुवा, हाडापर्यंत वाळवा आणि कपाटात हँगरला सैल टांगा. जूनमध्ये सह्याद्रीतल्या पावसासाठी तेच जॅकेट बाहेर काढणार असाल, तर प्रत्येक भटकंतीनंतर ते त्याच रात्री पसरून ठेवा, सॅकमध्ये झोपवू नका.

ताईंचं ते जॅकेट मी औलीहून परतल्यावर धुतलं. बादलीतलं पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघालं. ते त्यांनी पुढे आणखी सहा हिवाळे वापरलं.

तेव्हा श्रोतेहो, या रविवारी माळ्यावरची सॅक खाली काढा आणि कॉलर उलटून बघा. आणि जॅकेट कोणाचं मागून आणलं असेल, तर परत देण्याआधी धुऊन द्या.